खुडूक कोंबडीखालचं सारसाचं अंडं

चोच लागली तेव्हा दुखलं नाही. कोणीतरी ओल्या मातीचं ढेकूळ तोंडावर फेकून मारावं तसं वाटलं, आणि डाव्या बाजूचं धान, धुरा, आभाळ सगळं एकदम लाल झालं. मी गुडघ्याच्या वर चिखलात होते, माझ्या ओच्यात सारसाचं अंडं होतं, आणि माझ्यापेक्षा हातभर उंच नर पंख उभारून पुन्हा उडी घेत होता. त्याची लाथ छातीवर बसली. मी पाठीवर पडले, पोटावर पडू दिलं नाही स्वतःला, ते अंड्यासाठी. मी ओरडले असेन, पण मला माझा आवाज ऐकू आला नाही. मादी घरट्यावरून आणि नर माझ्या डोक्यावरून असे किंचाळत होते की तलावाच्या पलीकडचे लोकही उभे राहून पाहू लागले, असं मला नंतर कळलं.

बाजूच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, आमच्या गावातली भागरथा रानधान उपटत होती. ती हातातला विळा फिरवत, लुगड्याचा पदर सोडून तो फडकवत आली आणि माझ्या वेणीला धरून मला धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, ओढत नेलं. धुऱ्यावर तिचं तान्हं पोर टोपलीत निजलेलं होतं. तिने मला आडवं पाडलं, छातीवर गुडघा दिला, चोळी वर केली आणि माझ्या डोळ्यात दूध पिळलं. "उघड डोया, उघड म्हनते ना! मेली तं नाही ना वं तू?" मी म्हटलं, "अंडं पाहा." तिने ओचा सोडून पाहिला. अंडं धड होतं. "या अंड्यासाठी गेलती? कोंबड्या कमी हायेत का तुह्या घरी?" असं म्हणून तिने माझ्या थोबाडीत मारली, आणि मग रडली. मी रडले नाही. डोळ्यात दूध आणि रक्त असलं की रडता येत नाही.

घरी कोंबड्या कमी नव्हत्या. कोंबड्या माझ्याकडेच होत्या. चौथी झाल्यावर शाळा सुटली, तेव्हा मायने मला तीन कामं दिली, शेण, पाणी आणि कोंबड्या. पहिली दोन मी शिव्या देत करायची. कोंबड्यांचं मात्र मला कळत होतं. कोणती अंडं लपवते, कोणती अंडं फोडून खाते, कोणती खुडूक बसायला आली, हे मी तिच्या चालण्यावरून सांगायची. खुडूक कोंबडी अंगावर पिसं फुलवून घुर्र घुर्र करत फिरते आणि जवळ गेलं की फुगते. तिला टोपलीत तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, घालून बसवायचं, वीज कडकडली तर अंडी नासू नयेत म्हणून तनशीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवायचा. सतरा-अठरा दिवस झाले की अंडी कोमट पाण्यात सोडून पाहायची. जिवंत असेल ते पाण्यात आपोआप हलतं, मेलेलं गप राहतं. बदकाची, मोराची अंडीसुद्धा मी कोंबडीखाली काढली होती. गावातल्या बाया टोपली घेऊन माझ्याकडे यायच्या, आणि मी तेरा वर्षांची पोरगी त्यांना रागवायची. त्यामुळे मला वाटत होतं की अंडं म्हटलं की मला सगळं कळतं. सगळं चुकायला तिथूनच सुरुवात झाली.

आमचं गाव बालाघाटकडे, किरनापुरच्या पुढे, धानाचं. घरामागे बोडी, म्हणजे लहान तलाव, आणि बोडीच्या पारीखाली, तिच्या मातीच्या बांधाखाली, आमची पहिली बांधी. ती कधी सुकत नसे. त्या साली सारसाच्या जोडीने त्याच बांधीत घर केलं. आधी ती दोघं सकाळी बोडीवर उभं राहून ओरडायची, एकाने सुरू केलं की दुसरं लगेच धरायचं, इतक्या जोरात की मायच्या हातातलं मुसळ थांबायचं. मग त्यांनी बांधीच्या मध्यात धानाची ताटं आणि लव्हाळा उपटून ढीग लावायला सुरुवात केली. बाबा रोज पाहायचे आणि म्हणायचे, "अजून टोपलीभर धान गेलं." पण हाकलत नव्हते. जोडी ज्याच्या वावरात बसते त्याचं धान चांगलं येते, असं त्यांचे वडील म्हणायचे. खरं होतं की नाही देव जाणे. ढिगावर दोन अंडी होती, पांढुरकी, त्यावर पुसट तांबूस डाग, माझ्या दोन मुठींएवढी. मी पारीवर बसून पेजेचा वाडगा तोंडाला लावायची आणि त्यांच्याकडे पाहायची. पेज, कांदा, भाजलेले झिंगे. आजही झिंग्याचा वास आला की मला ती बांधी दिसते, आणि दोन्ही डोळ्यांनी दिसते.

मग पावसाने पंधरा दिवस तोंड दाखवलं नाही. धान गर्भात आलं होतं. या वेळी पाणी नसलं तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसतं फोल येतं. वरच्या बांध्यांना भेगा पडू लागल्या. बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, एका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "परवा बोडी फोडतो. तुह्या बांधीतून पानी खाली जाईन." बोडी दोघांची होती. पाणी पहिल्यांदा आमच्या त्या बांधीत भरणार, कमरेएवढं, आणि मगच पुढच्या बांध्यांत उतरणार. मी आतून बोलले, "अन् सारसाचं घर?"

मोठेबाबा हसले. "पोट्टी, चिडियाले भात देऊ का लेकराले?"

"आठ दिवस थांबा ना."

"आठ दिवसानं धान थांबते का? तू थांबवून दाखव."

बाबा मोठ्या भावासमोर बोलत नसत, आणि मोठेबाबा खोटंही बोलत नव्हते. हे मला तेव्हाही कळत होतं. आजकाल लोक या गोष्टी ऐकायला येतात, मोठी दुर्बीण घेऊन सारस मोजायला, आणि मी मोठेबाबांचं सांगितलं की चेहरा वाकडा करतात. मी त्यांना विचारते, तुम्ही कधी एका धानावर वर्ष काढलं का?

तर त्या दोन दिवसांत मला झोप नव्हती. मला एका जागी बसवत नव्हतं. माय म्हणाली, "ह्या पोरीच्या पायात काय घुसलं?" शनिवारी रामपायलीहून लोक मला पाहायला येणार होते, म्हणून तिला वाटलं मी त्याने धास्तावले. मी तर रामपायली विसरूनच गेले होते. माझी एक कोंबडी, भुरी, खुडूक बसून नऊ दिवस झाले होते. तिच्याखालची तीन अंडी काढली तर सारसाची दोन मावतील, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात. आणि उचलायची कशी, तर मादी घरट्यावर बसते, तिला काठीने उठवायची. नराचं मला भ्यावच नव्हतं. तो रोज सकाळी लांब पडीत जमिनीवर चरायला जायचा. कोंबडा कुठे अंड्यांकडे पाहतो? मी कोंबड्यांवरून सारस मोजला. सारसात दोघंही अंड्यावर बसतात, पाळी लावून, आणि एक बसलं की दुसरं लांबून राखण करतं. हे मी इतके दिवस पारीवर बसून रोज पाहत होते. एकसारखे दिसतात, म्हणून मला वाटायचं की बसलेली ती मादीच. घरातला बाप्या अंडं उबवतो हे मी कुठे पाहिलंच नव्हतं, म्हणून समोर होतं तरी दिसलं नाही.

दोन अंड्यांपैकी एकच ओच्यात आलं. दुसऱ्याला हात लावायच्या आत तो आला. पुढचं सांगितलं आहे.

बंडी जुंपून मला किरनापुरला नेलं, तिथून मोटारीने बालाघाटला. जाण्याआधी मी तशीच रक्ताळलेली गोठ्यात गेले आणि अंडं भुरीखाली ठेवलं, तेव्हा कुठे बंडीत बसले. माय रस्ताभर एकच म्हणत होती, "एका अंड्याचा एक डोया." दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. चांगल्या डोळ्यावर का बांधली म्हणून मी भांडले, तर डॉक्टर म्हणाला, एक हिलेगी तो दूसरी भी हिलेगी. मग नुसतं ऐकणं उरलं. कंपाउंडरच्या चपला, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं कण्हणं, छोट्या लाइनच्या आगगाडीची शिटी. मला डोळ्याची काळजी नव्हती असं नाही. पण डोळ्याचं माझ्या हातात काही नव्हतं आणि अंड्याचं होतं. एवढं मोठं अंडं कोंबडीला चोचीने फिरवता येत नाही. अंडं रोज फिरवावं लागतं, नाहीतर आतलं एका बाजूला चिकटून मरतं. मी बोडीचं विचारलं, मायने सांगितलं की फोडली. म्हणजे दुसरं अंडं गेलं. आता हेच एक.

तिसऱ्या दिवशी बाबा भात आणि अंबाडीची भाजी घेऊन आले. मी म्हटलं, "बाबा, भुरीखालचं अंडं फिरवा लागते. सकाळी अन् सांजेले."

"कोन फिरवन?"

"तुमीच. एका बाजूले कोयशाची रेघ मारा. सकाळी रेघ वर, सांजेले खाली."

"म्हंजे मी आता कोंबडीचं बायतपन करू?"

माय म्हणाली, "डोयाचं इचार ना वं! अंड्याचं काय लावलं? फेकून द्या ते, नाहीतं उकडा."

पट्टीमुळे मला बाबांचा चेहरा दिसत नव्हता. मग ते म्हणाले, "ते भुरी चोच मारते का?" मी म्हटलं, "मारते. पर तिची चोच लहान हाय." शेजारच्या खाटेवरची बाई कण्हता कण्हता हसली.

डोळा गेला. डॉक्टरने सांगितलं तेव्हा मायने तोंडात पदर कोंबला. रामपायलीचे लोक आले नाहीत, निरोपही आला नाही. पुढे माझं लग्न बिजवराशी झालं, ते वेगळं प्रकरण आहे आणि मी ते लिहिणार नाही.

बारा दिवसांनी मी घरी आले ती सरळ गोठ्यात. टोपली रिकामी होती. भुरी अंगणात सहा पिल्लं घेऊन उकरत होती. तिचे एकवीस दिवस भरले, पिल्लं निघाली, ती उठली. तिचा काय दोष? बाबा टोपलीजवळ उकिडवे बसले होते आणि अंडं त्यांनी त्यांच्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून मांडीत धरलं होतं. अंड्यावर कोळशाची रेघ, जाड, पुन्हा पुन्हा मारलेली. म्हणाले, "सकाळपासून उठली हे. काय करू मले समजे ना." मी कोमट पाणी केलं, अंडं सोडलं. मी, बाबा आणि माय, आम्ही तिघं वाकून पाहत होतो. पाणी थांबलं, तरी अंडं हललं.

मला खुडूक कोंबडी पाहिजे होती, त्याच दिवशी. गावात एकच होती, भागरथाकडे. भागरथाचे लोक नुकतेच बुद्धाचे झाले होते, आणि आमच्या घरात त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं. माय उंबऱ्यात उभी राहिली. मी म्हटलं, "तिचं दूध डोयात चाललं, कोंबडी काहून नाही चालत?" मायने मला मारायला हात उचलला, पट्टी पाहून खाली केला आणि आत निघून गेली. माझी माय वाईट नव्हती. पण ती शेवटपर्यंत भागरथाच्या घरचं पाणी प्याली नाही, हेही लिहिलं पाहिजे.

भागरथाने कोंबडी डालग्यासकट आणून दिली. अंगणातच उभी राहून म्हणाली, "एक सांगू का? तुह्या मायनं सांगतलं नसन."

"काय?"

"ते दुसरं अंडं हाय अजून."

"बोडी फोडली ना?"

"फोडली. पानी चढलं तसं त्याइनं दोघाईनं घर वर चढवलं. दिवसभर ताटं उपटे अन् रचे, उपटे अन् रचे. हातभर उचललं. मी कामाले होती ना तिथं, पाह्यलं. तुहं अंडं तिथंच असतं तं वाचलं असतं वं."

एवढी गावभरच्या कोंबड्यांची अंडी काढणारी मी, मला माहीत नव्हतं की पाण्यात घर बांधणाऱ्या पाखराला पाण्याचं कळत असेल. माय आतून म्हणाली, "आता तरी फेक." त्या दिवसांत मला काय झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, आता लिहिते. मी त्या अंड्याचा राग केला. मेलं तर बरं, असंही एका वेळी वाटलं. आणि दर घटकेला उठून कोंबडीच्या पोटाखाली हात घालून ते गरम आहे का पाहत होते. डालग्यापासून दारापर्यंत, दारापासून डालग्यापर्यंत. रेघ वर, रेघ खाली. डाव्या बाजूचं दिसत नसल्याने खांबावर आपटत होते, कपाळ सुजलं होतं. निघालं पाहिजे. नाही निघालं तर मी एक डोळा कशात घातला, हे लोक जन्मभर विचारतील, आणि मीही विचारीन.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी बाबा गोठ्यातून ओरडले, "कौशे! अंड्यात बोलून राह्यलं!" कान लावला तर आतून बारीक शिट्टी येत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी निघालं. ओलं, मातकट पिवळं, आणि पाय असे लांब की कुठे ठेवावेत ते त्यालाच कळेना. कोंबडीने एकदा पाहिलं आणि घाबरून आढ्यावर जाऊन बसली. मी कणी टाकली. त्याने कणीकडे पाहिलंच नाही. चोच वर करून माझ्या तोंडाकडे पाहत शिट्टी मारत राहिलं. नाकतोडा धरून दिला, तो खाली टाकला. कोंबडीचं पिल्लू निघाल्या दिवशी टिपतं. याला कोणीतरी चोचीतून द्यायला पाहिजे होतं. तिसऱ्यांदा मी कोंबडीवरून मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा आवाज अर्धा झाला, तेव्हा मी ते टोपलीत घातलं आणि निघाले.

बाबा काठी घेऊन आडवे आले. "मी जातो."

"तो तुमाले ओयखत नाही."

"तुले ओयखते, त्याचंच तं भेव हाय!"

शेवटी दोघं गेलो. मी पुढे, ते दहा पावलं मागे, काठी वर धरून. बांधीत पाणी पोटरीएवढं उतरलं होतं. जोडी घरट्याच्या पलीकडे होती आणि त्यांच्या पायात त्यांचं पिल्लू, पाच-सहा दिवसांचं असेल, आमच्या पिल्लापेक्षा मोठं. नराने मान वर केली. माझे पाय धुऱ्यावर थांबले. मला चांगल्या डोळ्यावर हात ठेवावासा वाटत होता, पण हात टोपलीला होते. मी खाली बसले, टोपली आडवी केली आणि बसल्या बसल्या मागे सरकले. पिल्लू बाहेर येऊन पडलं, उठलं, पुन्हा पडलं. शिट्टी मारली. नर पंख उघडून आला, सरळ माझ्याकडे, आणि बाबा मागून ओरडले, "पोरी, सरक!" मी सरकले नाही. सरकता आलं नाही. तो पिल्लापाशी थांबला. मान खाली घालून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मादी हळू हळू मागून आली, चिखलातून काहीतरी उचलून त्याच्या तोंडासमोर धरलं. पिल्लाने ते खाल्लं. मग ते सगळे धानात शिरले, पिल्लू मागून धडपडत. बाबा मला म्हणाले, "उठ आता," आणि मी पाहिलं तर तेच खाली बसले होते.

आजची पोरं मला विचारतात, आजी, उसने आपको माफ किया क्या? माझी नातसुद्धा हिंदीतच विचारते. सारस माफी-बिफी करत नाही. त्याला पिल्लाचा आवाज ऐकू आला, बस. नंतरही मी पारीवर गेले की तो पंख उघडून ओरडायचा.

कार्तिकात कापणीसाठी बांध्यांचं पाणी काढलं. पाणी होतं तोवर कुत्री आत येत नव्हती, आता जमीन कोरडी झाली. एकदा पहाटे सारसाची जोडी ओरडली तेव्हा बाबा काठी घेऊन धावले, मागून मी. आम्ही पोचेपर्यंत कुत्र्यांनी मोठं पिल्लू नेलं होतं. धाकटं बोडीच्या लव्हाळ्यात, पोटापर्यंत पाण्यात उभं होतं. त्यानंतर पूस महिन्याच्या थंडीपर्यंत बाबांनी खाट पारीवर टाकली, धान घरात आलं होतं तरी. मोठेबाबा म्हणायचे, राखायला काय उरलं? बाबा म्हणायचे, हवा चांगली हाय इथं.

संक्रांत झाल्यावर जोडी पडीत जमिनीवरून उडाली. तिसरं, ते धाकटं, त्यांच्यामागे धावलं, दोनदा खाली आलं, आणि मग उडालं. घरट्यात निघालेलं मोठं गेलं. कोंबडीखाली निघालेलं जगलं.